कुंपण परदेशासाठी, अडले घरचे: गेलिक खेळांच्या प्रक्षेपण हक्कांचं प्रकरण

१ एप्रिल २०१४ ला गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने, म्हणजे जीएएने, आपल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे काही सामने पहिल्यांदाच फक्त सशुल्क वाहिनीला विकले. कारण पुढे केलं ते परदेशातल्या आयरिश लोकांचं. पुढच्या अकरा वर्षांत स्काय ही ब्रिटिश सशुल्क वाहिनी आली आणि गेली. परदेशासाठी काढलेली ऑनलाइन सेवा मायदेशात आली आणि तिच्यावरून दोन उन्हाळे राजकारण तापलं. ब्रिटनभरच्या प्रेक्षकाला हर्लिंगचा अंतिम सामना अखेर फुकटात दिसला, तो बीबीसीवर. या काळात कोणत्या वळणावर काय ठरलं आणि त्याचा भार कोणावर पडला, ते इथे मांडलं आहे. संघटना आणि वाहिन्यांचे व्यवहार जगजाहीर आहेत म्हणून त्यांची नावं दिली आहेत. प्रेक्षक, पब आणि क्लब निनावी ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

जीएएची स्थापना १८८४ मध्ये टिपररीतल्या थर्ल्स गावी झाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे दोन मुख्य खेळ. हर्लिंग लाकडी काठीने आणि चामडी चेंडूने खेळतात. गोलाचे तीन गुण, आणि चेंडू आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक. म्हणून गुणफलक १-२४ असा लिहितात: एक गोल आणि चोवीस गुण, एकूण सत्तावीस. दोन्ही खेळांत खेळाडू हौशी असतात, मानधन नाही. क्लब गावाचा, आणि गावच्या क्लबातून माणूस जिल्ह्याच्या संघात जातो. आयर्लंड बेटावर असे बत्तीस जिल्हे आहेत, त्यांतले सहा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. उन्हाळ्यातल्या ऑल-आयर्लंड स्पर्धेचा शेवट डब्लिनच्या क्रोक पार्कवर होतो. तिथे ८२,३०० माणसं बसतात.

या हौशीपणाला प्रक्षेपणाच्या गणितात मोठं वजन आहे. मैदान आखायचं, पोरांना शिकवायचं, दारावर तिकिटं फाडायची, सगळं गावकऱ्यांनी फुकट करायचं. त्यामुळे सामना बघायला पैसे मागितले की प्रेक्षकाला ग्राहकासारखा राग येत नाही, वाटेकऱ्यासारखा येतो. हक्क विकणाऱ्यांनी हा फरक वारंवार कमी लेखला.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. लंडन आणि न्यूयॉर्कचे संघ अधिकृत स्पर्धेत खेळतात, कॉनाख्ट प्रांतातून. १९४७ चा फुटबॉलचा अंतिम सामनाच मुळी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला. कॅव्हनने केरीला हरवलं. आयर्लंडमध्ये लोक रेडिओभोवती जमले होते आणि समालोचक मीहॉल ओहेअर यांनी बोलायला घेतलेली अटलांटिकपारची लाइन ठरावीक वेळेपर्यंतच भाड्याने घेतलेली होती. सामना उशिरा सुरू झाला, वेळ संपत आली, तेव्हा त्यांनी समालोचन करता करताच, लाइनवर जो कोणी ऐकत असेल त्याला आणखी पाच मिनिटांची विनवणी केली. मिळाली. प्रक्षेपणाची वेळ कोणी विकत घेतली आहे आणि ती कधी संपते, हा प्रश्न इतका जुना आहे.

१९९० मध्ये लंडनच्या ईलिंग भागात सेटांटा ही क्रीडाप्रक्षेपण कंपनी सुरू झाली, तीही याच गरजेतून. नेहमीच्या फुटबॉलच्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्सचा सामना इंग्लंडच्या सामन्याच्याच वेळी होता आणि ब्रिटिश वाहिन्या तो दाखवणार नव्हत्या. दोन आयरिश तरुणांनी एक नृत्यगृह भाड्याने घेतलं, उपग्रहावरून चित्र उतरवलं आणि दारावर पैसे घेतले. पुढे हेच गेलिक सामन्यांसाठी झालं: अमेरिकेतले आयरिश पब उपग्रहाचा सिग्नल व्यावसायिक दराने घेत आणि वीसेक डॉलर प्रवेश शुल्क लावत. सेटांटाचा ब्रिटनमधला धंदा २००९ मध्ये बुडाला, अमेरिकेतली वाहिनी २०१० मध्ये बंद पडली. एका खासगी वितरकावर विसंबून राहिलं की काय होतं, ते तेव्हाच कळलं होतं.

अडचण नेमकी कुठे

कागदावर लिहिताना ‘परदेशातला चाहता’ एकच दिसतो. प्रत्यक्षात निदान चार वेगळी माणसं आहेत आणि चौघांच्या गरजा एकमेकींत बसत नाहीत.

पहिला ब्रिटनमधला. संख्येने मोठा, वयाने पुष्कळदा साठीपुढचा, १९५० ते १९८० च्या दशकांत बांधकामावर किंवा रुग्णालयात कामाला गेलेला. वेळेचा फरक शून्य. त्याच्याकडे टीव्ही आहे. ब्रॉडबँड आणि स्मार्ट टीव्ही असेलच असं नाही.

दुसरा अमेरिकेतला. डब्लिनला रविवारी दुपारी साडेतीनला सामना सुरू झाला की न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा आणि सॅन फ्रान्सिस्कोला साडेसात. पूर्व किनाऱ्यावर पबात जाणं शक्य, पश्चिमेकडे घरीच बघणं बरं.

तिसरा ऑस्ट्रेलियातला. सिडनीत तेव्हा रात्रीचे साडेबारा, आणि सोमवार उजाडलेला. पर्थला साडेदहा, तिथे जमतं. या माणसाला थेट प्रक्षेपणाइतकंच पूर्ण सामना नंतर बघण्याची सोय हवी, आणि तीही निकाल न दाखवणारी. सेवेच्या पहिल्याच पानावर गुणफलक झळकला तर पैसे वाया.

चौथा विखुरलेला: दुबई, सिंगापूर, ब्रुसेल्स, किंवा आपल्या पुण्या-बंगळूरच्या कंपनीत दोन वर्षांसाठी आलेला. दुबईला संध्याकाळचे साडेसहा, भारतात रात्रीचे आठ. वेळ उत्तम, पण कोणतीही वाहिनी एवढ्याशा प्रेक्षकांसाठी हक्क घेणार नाही. याला ऑनलाइन सेवेखेरीज वाट नाही.

यात आणखी एक गाठ. हक्कांच्या नकाशात ‘आयर्लंड’ म्हणजे संपूर्ण बेट, कारण जीएए बत्तीसही जिल्ह्यांची. पण दक्षिणेत घराला वर्षाला १६० युरो टीव्ही परवाना शुल्क आहे, जे मुख्यतः सरकारी वाहिनी आरटीईला जातं. उत्तरेत बीबीसीचं शुल्क भरतात. एकाच खेळाचे प्रेक्षक, दोन राज्यांची करव्यवस्था. करारातला ‘प्रदेश’ हा शब्द इथे फार जपून लिहावा लागतो.

समोरचे पर्याय

२०१३ च्या हंगामाअखेर आरटीई आणि टीव्ही३ यांच्यासोबतचा करार संपत होता. दोन्ही वाहिन्या मायदेशात फुकट दिसणाऱ्या. जीएएसमोर ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

आहे तसं चालू ठेवायचं आणि परदेशचे हक्क देशागणिक विकायचे. घरचा प्रेक्षक खूश. पण ब्रिटनमध्ये सेटांटानंतर खात्रीचा खरेदीदार कोण, हे उघड होतं: स्काय. आणि स्काय नुसत्या ब्रिटनच्या तुकड्यावर समाधान मानेल अशी चिन्हं नव्हती.

स्वतःची ऑनलाइन सेवा काढायची, जगभर एकच दर लावायचा. चौथ्या माणसाला आदर्श, पहिल्याला निरुपयोगी. शिवाय कॅमेरे, समालोचक आणि उपग्रह जोडणी हा खर्च कोणीतरी उचलायलाच हवा, तो आरटीईच उचलत होती.

तिसरी वाट मिश्र: घरचे बहुतेक सामने आरटीईला, काही स्कायला घर आणि ब्रिटन दोन्हींसाठी, उरलेल्या जगाला ऑनलाइन.

पहिला निर्णय: २०१४

मिश्र वाट निवडली. आकडे बघण्यासारखे आहेत. थेट दाखवायचे सामने ४५. आरटीईला ३१, स्कायला २०. बेरीज ५१ होते, कारण चार उपांत्य आणि दोन अंतिम सामने दोघांकडे होते. म्हणजे स्कायकडे एकट्याचे १४. ऑस्ट्रेलियात सेव्हन नेटवर्कला हक्क दिले, आणि उरलेल्या जगासाठी आरटीई आणि जीएए यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत जीएएगो नावाची ऑनलाइन सेवा काढली. आयर्लंडमध्ये ती उघडत नसे.

तेव्हाचे महासंचालक पॉरिक डफी यांची मांडणी अशी होती की हा व्यवहार पैशासाठी नाही, ब्रिटनमध्ये आणि जगभर राहणाऱ्या आयरिश माणसासाठी आहे. मांडणी खोटी नव्हती. ब्रिटनमधल्या माणसाला खरंच पूर्वीपेक्षा जास्त सामने, चांगल्या चित्रासह, घरबसल्या मिळाले. फक्त त्यासाठी स्काय स्पोर्ट्सचं महिन्याचं पॅकेज घ्यावं लागे. इंग्लिश फुटबॉलसाठी ते आधीच घेतलेल्या माणसाला गेलिक सामने वरकड मिळाले. न घेतलेल्या पेन्शनरला वीस सामन्यांसाठी वर्षभराचा खर्च. आणि ज्या ‘परदेशासाठी’ हे सगळं, त्याची किंमत घरच्या १४ सामन्यांनी चुकवली.

इथे निर्णयाचा खरा सांधा आहे आणि तो त्या वेळी चर्चेत जवळपास आलाच नाही. परदेशचे हक्क देण्यासाठी घरचे सामने सोबत बांधून द्यावे लागले का? स्कायला ब्रिटनपुरतेच विकले असते तर रक्कम घसरली असती, कदाचित त्यांनी रसच घेतला नसता. पण प्रश्न निदान दोन वेगळ्या रकान्यांत मांडला असता, तर ‘परदेशातल्या माणसासाठी’ आणि ‘घरी स्पर्धा वाढावी म्हणून’ ही दोन कारणं वेगवेगळी तपासता आली असती. घरी आरटीईला तगडा प्रतिस्पर्धी असणं हा हक्क विकणाऱ्याचा रास्त हेतू आहे. तो उघड सांगायला हरकत नव्हती.

पहिला फक्त-स्काय सामना ७ जून २०१४ चा, शनिवार संध्याकाळ, किल्केनी विरुद्ध ऑफली. किल्केनीने ऑफलीचा धुव्वा उडवला. एकतर्फी सामना, त्यामुळे ओरड थोडक्यात आटोपली. नशीब.

सामने मोजायचे की वजन करायचे

फेब्रुवारी २०१६ च्या वार्षिक अधिवेशनात डब्लिनकडून ठराव आला: स्पर्धेचे सगळे सामने फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवरच असावेत. प्रतिनिधींनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. म्हणजे संघटना वरून लादत होती आणि खालची माणसं विरोधात होती, असं सरळ चित्र नाही. जिल्ह्याच्या प्रतिनिधीला माहीत असतं की नवं मैदान कोणत्या पैशातून होतं. डिसेंबर २०१६ मध्ये स्कायचा करार २०१७ पासून पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवला, पुन्हा २० सामने, १४ एकट्याचे.

मग ८ जुलै २०१७. थर्ल्सला वॉटरफर्ड विरुद्ध किल्केनी, पात्रता फेरी. वॉटरफर्डने जादा वेळेत किल्केनीला हरवलं. स्पर्धेत १९५९ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे साठीच्या आतल्या कोणत्याही वॉटरफर्डकराला न आठवणारा विजय, आणि तो फक्त स्कायवर. गावातला म्हातारा, ज्याने १९५९ चा पाहिला होता, तोच बाहेर राहिला.

हा योगायोग मानणं चुकीचं. पॅकेज वेळेच्या खणांवर बांधलेलं होतं: शनिवार संध्याकाळ एकाची, रविवार दुपार दुसऱ्याची. पात्रता फेरीच्या जोड्या चिठ्ठ्या काढून आदल्या आठवड्यात ठरतात. करार करताना तुम्ही ‘शनिवार’ विकता, त्यात काय निघेल ते नंतर कळतं. १४ हा आकडा लहान वाटतो, पण ४५ पैकी लोकांच्या मनात राहतात ते पाच-सहा सामने, आणि ते कोणत्या खणात पडतील यावर विकणाऱ्याचा ताबा उरत नाही.

भारतात यावर कायद्याचा तोडगा आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल हक्कधारकाने प्रसार भारतीला द्यावा लागतो, म्हणून भारताचा एकदिवसीय सामना दूरदर्शनच्या फ्री डिशवर दिसतो. आयर्लंडमध्येही अशी यादी आहे, पण २००३ पासून तिच्यात जीएएच्या खेळांतले फक्त पुरुषांचे दोन अंतिम सामने होते. कायदा शेवटच्या पायरीचं रक्षण करतो. वॉटरफर्ड-किल्केनीसारखी मधली पायरी त्याच्या हाती लागत नाही, कारण यादी आधी करावी लागते आणि सामना मोठा ठरतो नंतर.

दुसरा निर्णय: सेवा मायदेशी येते

ऑक्टोबर २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ चा नवा करार जाहीर झाला. स्काय बाहेर. आरटीई, बीबीसी नॉर्दर्न आयर्लंड, आणि आता मायदेशातही जीएएगो. स्कायकडे एकट्याचे १४ होते. जीएएगोवर २०२३ मध्ये ३८. तेव्हाचा दर: एका सामन्याला १२ युरो, हंगामाचा पास ७९. सातव्या सामन्याला पास स्वस्त पडे. पण आपल्या जिल्ह्याचे दोनच सामने तिथे असतील तर २४ युरो द्यायचे आणि मुकाट्याने बघायचं.

संख्या का वाढली? २०२२ पासून जीएएने वर्षाचे दोन भाग केले: जिल्ह्यांच्या स्पर्धा जुलैअखेर संपवायच्या, नंतरचे महिने क्लबांना. पूर्वी सप्टेंबरपर्यंत पसरलेले सामने एप्रिल ते जुलैत कोंबले गेले. मन्स्टर प्रांताच्या हर्लिंग स्पर्धेत पाच संघ एकमेकांशी खेळतात, तिघेच पुढे जातात. प्रत्येक सामना जीवनमरणाचा आणि दर शनिवार-रविवारी त्यांची गर्दी. एका सरकारी वाहिनीवर एवढ्या खिडक्या नाहीत. या मुद्द्यावर टीकाकारांनी जीएएला न्याय दिला नाही: जीएएगो नसतं तर त्यातले बरेच सामने फुकट दिसले असते असं नाही, ते अजिबातच दिसले नसते.

तरी निवड अंगाशी आली. २९ एप्रिल २०२३ ला क्लेअरने लिमरिकला त्यांच्याच मैदानावर एका गुणाने हरवलं, १-२४ विरुद्ध २-२०. लिमरिकचा स्पर्धेतला २०१९ नंतरचा पहिला पराभव, आणि तो जीएएगोवर. पुढच्याच शनिवारी, ६ मे ला, कॉर्क आणि टिपररी बरोबरीत सुटले, ४-१९ विरुद्ध २-२५. तोही जीएएगोवर. उपपंतप्रधान मीहॉल मार्टिन, जे स्वतः कॉर्कचे, उघडपणे नाराज झाले. आरटीई आणि जीएएला संसदीय समितीपुढे जाऊन उत्तरं द्यावी लागली. मार्टिन ज्या सरकारात उपपंतप्रधान होते त्याचे पंतप्रधान तेव्हा लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराडचे नातू. पण या वादात आवाज कॉर्कचाच चढा होता. ११ मे २०२४ ला कॉर्कने लिमरिकला ३-२८ विरुद्ध ३-२५ असं हरवलं, तेव्हा पुन्हा तेच, आणि या वेळी नवे पंतप्रधान सायमन हॅरिस बोलले.

आक्षेपाचं टोक दराहून मालकीवर होतं. आरटीई ही १६० युरो घेणारी सरकारी वाहिनी. तीच जीएएगोची निम्मी मालक. कोणता सामना फुकट जाईल आणि कोणता कुंपणाआड, हे ठरवण्यात जिचा हात, तिचाच कुंपणाच्या दारावरच्या गल्ल्यातही वाटा. निवड पूर्ण प्रामाणिक असली तरी ती तशी दिसणं शक्यच नव्हतं. स्कायच्या वेळी निदान शत्रू बाहेरचा होता.

२०२३ च्याच वसंतात एक छोटी गोष्ट घडली, जिच्याकडे या वादात कोणी फारसं बघितलं नाही. १४ एप्रिल २०२३ ला आरटीई रेडिओची लाँगवेव्ह सेवा, २५२ किलोहर्ट्झ, बंद झाली. मीथ जिल्ह्यातल्या मनोऱ्यावरून निघणारा हा सिग्नल ब्रिटनच्या मोठ्या भागात साध्या ट्रान्झिस्टरवर पोचत असे. लिव्हरपूल किंवा कॉव्हेंट्रीतल्या खोलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यासाठी रविवारचा सामना म्हणजे तो रेडिओ. वीज आणि देखभालीचा खर्च, जुनं यंत्र, पर्याय म्हणून इंटरनेट: कारणं पटण्यासारखी आहेत. पण २०१४ चा सगळा युक्तिवाद ज्याच्या नावाने केला होता, त्याचंच शेवटचं फुकट साधन गेलं.

सेवा वापरताना काय बिघडतं

परदेशच्या पासमध्ये आरटीईवरचे सामनेही असतात. घरच्या पासमध्ये फक्त या सेवेचे स्वतःचे. दोन वेगळ्या याद्या, एकच अ‍ॅप. कोणती यादी दाखवायची ते आयपी पत्त्यावरून ठरतं. म्हणून डब्लिनच्या कंपनीचा लॅपटॉप दुबईत वापरणाऱ्याने ऑफिसचं व्हीपीएन चालू ठेवलं तर अ‍ॅप त्याला आयर्लंडमध्ये समजतं आणि निम्मे सामने गायब होतात. आधी व्हीपीएन बंद करावं, ब्राउझर पूर्ण मिटवावा, मग लॉग-इन.

सुट्टीवर गेलेल्याचा प्रश्न वेगळा. १ एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघाच्या नियमाने पैसे भरून घेतलेली ऑनलाइन सेवा संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही चालायला हवी. स्पेनमध्ये चालते. ब्रिटन २०२० अखेर त्या नियमातून बाहेर पडलं, त्यामुळे लंडनला लेकीकडे गेलेल्या आईला तो हक्क नाही.

क्लबांची चूक ठरलेली: एकाच्या खात्यावरून लॅपटॉप, एचडीएमआय वायर, प्रोजेक्टर, आणि समोर साठ माणसं. वैयक्तिक पासमध्ये सार्वजनिक दाखवण्याचा परवाना नसतो. पब किंवा सभागृहासाठी व्यावसायिक परवाना वेगळा घ्यावा लागतो. तांत्रिक बाजूनेही हे फसतं. हर्लिंगचा चेंडू साधारण सात सेंटिमीटरचा, आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो. सभागृहाच्या सामायिक वायफायवर चित्राचा दर्जा आपोआप घसरला की चेंडू अक्षरशः दिसेनासा होतो. काठी फिरते, मग थेट जाळं हलतं. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत नेटवर्कची केबल टाकावी, दर्जा ‘आपोआप’वर न ठेवता हाताने ठरवावा, आणि सामन्याआधी दहा मिनिटं चालवून बघावं. थेट प्रवाह टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट किंवा जास्त मागे असतो, तेवढ्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गोल येऊन पडतो. त्यावर इलाज फोन खिशात ठेवण्याचाच.

निकाल

नोव्हेंबर २०२४ मध्ये आरटीई भागीदारीतून बाहेर पडणार हे जाहीर झालं. सेवा पूर्णपणे जीएएची झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला जीएए प्लस या नावाने पुन्हा उभी राहिली. मालकीचा आक्षेप त्याने मिटला. मायदेशातलं कुंपण तसंच आहे.

ब्रिटनमध्ये मात्र वेगळंच घडलं. २१ जुलै २०२४ चा हर्लिंगचा अंतिम सामना, क्लेअर विरुद्ध कॉर्क, बीबीसी टूने देशभर दाखवला. जादा वेळ, ३-२९ विरुद्ध १-३४, क्लेअर एका गुणाने. आयर्लंडशी काडीचा संबंध नसलेले इंग्लिश प्रेक्षक समाजमाध्यमांवर विचारत होते, हा कसला खेळ आहे आणि आम्हाला आजवर कोणी का सांगितलं नाही. स्काय असताना अंतिम सामना ब्रिटनमध्ये दरवर्षी दिसत होता. फरक इतकाच की तो बघायला आधी तो हवा असायला लागायचा. खेळ पसरवणं हाही २०१४ च्या युक्तिवादाचा भाग होता, आणि रिमोट फिरवताना सहज लागणारी वाहिनी ते काम एका दुपारी करून गेली.

वेगळं काय करता आलं असतं

२०१४ ला घर आणि ब्रिटन यांच्या निविदा वेगळ्या काढायला हव्या होत्या, निदान किंमत कळण्यासाठी. दोन्ही एकत्र विकल्याने ब्रिटनच्या हक्कांचं मोल कधी उघड झालंच नाही, आणि बीबीसीसारख्या वाहिनीला फक्त अंतिम टप्पा मिळू शकेल का, हा प्रश्न दहा वर्षं मागे पडला.

खणांऐवजी निवडीचा हक्क राखायचा होता. फुकट वाहिनीला हंगामात चार-पाच वेळा, जोड्या ठरल्यावर, सशुल्क खणातला एक सामना उचलता येईल असं कलम. सशुल्क वाहिनी त्यासाठी किंमत कमी करून मागेल, हे खरं. पण वॉटरफर्ड-किल्केनी आणि क्लेअर-लिमरिक या दोन शनिवारांनी जीएएला जो मनस्ताप दिला, तो त्या सवलतीपेक्षा महाग पडला असं आमचं मत आहे.

२०२२ मध्ये आरटीईने मायदेशातल्या जीएएगोतला हिस्सा त्याच वेळी सोडायला हवा होता. परदेशची सेवा भागीदारीत चालवणं ठीक होतं, तिथे दोघांचा हेतू एक होता. तीच रचना घरी आणताना हेतू दुभंगले. ते सुधारायला आणखी दोन हंगाम लागले.

सध्याचा करार २०२७ च्या हंगामापर्यंतचा आहे, म्हणजे पुढच्या वाटाघाटींचा मसुदा त्याआधीच टेबलावर लागेल. त्यात तीन गोष्टी आत्ताच लिहिता येतील: परदेशातल्या नोंदणीकृत क्लबांसाठी स्वस्त सार्वजनिक परवाना, ज्यात साठ खुर्च्यांच्या सभागृहाला पबाचा दर लागणार नाही; ऑस्ट्रेलियासाठी निकाल लपवणारं पान; आणि ब्रिटनमधल्या वृद्धाश्रमांना व आयरिश केंद्रांना सोबतीला माणूस देऊन जोडणी. शेवटच्यासाठी तंत्रज्ञान नवं लागत नाही. एक स्वस्त स्ट्रीमिंग स्टिक, केंद्राचं वायफाय, आणि सामन्याच्या अर्धा तास आधी येऊन ते चालू करणारा स्थानिक क्लबातला पोरगा.